सामाजिक उद्योगाचा अभ्यास

बंगळूरच्या बसवनगुडी भागात नामदार गोखले यांच्या नावाची एक संस्था आहे. कन्नड साहित्यिक डी. व्ही. गुंडप्पा यांनी ती 1945 साली स्थापन केली. सार्वजनिक प्रश्नांविषयी नागरिकांना सुजाण करणे हे तिचे कार्य होय. पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था तिच्याहून पंधरा वर्षांनी वडील असून तिने संशोधनाचे व्रत घेतले. सामाजिक उद्योगाच्या अभ्यासाला या दोन्ही कार्यांची आवश्यकता आहे.

ज्याचा व्यवहार बाजारातला, परंतु हेतू समाजहिताचा, तो सामाजिक उद्योग. विद्यापीठांत या नावाने त्याचा अभ्यास अलीकडेच रुजला. हार्वर्ड विद्यापीठाच्या व्यवस्थापन विद्यालयाने 1993 साली त्यासाठी खास उपक्रम सुरू केला. युरोपातील संशोधक 1996 साली याच कामासाठी एकत्र आले. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने 2007 साली पदव्युत्तर अभ्यासक्रम काढला.

नाव नवे असले तरी विषय मात्र आपल्याकडे जुना आहे. पुण्याच्या संस्थेचे पहिले संचालक प्रा. धनंजयराव गाडगीळ हे ग्रामीण पतपुरवठ्याची अखिल भारतीय पाहणी करणाऱ्या समितीचे सदस्य होते. शेतकऱ्याच्या कर्जापैकी शेकडा सुमारे 3 इतकाच भाग सहकारी संस्थांकडून येतो, असे त्या पाहणीत आढळले. कर्ज, विक्री आणि प्रक्रिया यांची सांगड घालावी, असे समितीने 1954 साली सुचविले. गाडगीळ केवळ अहवाल लिहून थांबले नव्हते. विठ्ठलराव विखे पाटील यांनी प्रवरानगर येथे उभारलेल्या सहकारी साखर कारखान्याचे ते पहिले अध्यक्ष होते. तेथे 1950 च्या सुमारास गाळप सुरू झाले.

या उदाहरणातूनच अभ्यासकापुढील कठीण प्रश्न निघतो. अशा कारखान्याचा सभासद ऊस पिकविणारा शेतकरी असतो. दूरच्या दुष्काळी तालुक्यांतून येऊन तो ऊस तोडणारा मजूर सभासद नसतो. ताळेबंदात नफा दिसतो, पण समाजहित कोणाच्या पदरात पडले, हे दिसत नाही. म्हणून संशोधकाने तीन गोष्टी तपासणे इष्ट आहे : शिल्लक कोणाकडे जाते, निर्णय कोण घेतो आणि बाहेर कोण राहतो.

ही उत्तरे ग्रंथालयातच राहिली, तर त्यांचा उपयोग थोडा. सभासदाला आणि मजुराला ती स्वभाषेत कळली, तरच सर्वसाधारण सभेत योग्य प्रश्न विचारला जाईल. पुण्याच्या संशोधनाला बसवनगुडीच्या लोकशिक्षणाची जोड हवी, ती याचसाठी.