नवोदयच्या उताऱ्यात अडलेला शब्द

शहापूर-मुरबाडकडच्या पाचवीतल्या मुलांचे पालक नवोदय विद्यालयाच्या प्रवेश परीक्षेसाठी आधी समानार्थी शब्दांची यादी शोधतात. घोकंपट्टी होते, गुण मात्र बेताचेच. सहावीच्या प्रवेशासाठीच्या या परीक्षेत ८० प्रश्न आणि १०० गुण असतात. त्यांतले भाषेचे २० प्रश्न २५ गुणांचे, तेही उताऱ्यांवरचे. शब्दाचा अर्थ विचारतात तो त्या वाक्यातला. यादी तिथे फारशी उपयोगी पडत नाही.

हे वाक्य पाहा : ‘मार्च उजाडताच पाण्याचे दुर्भिक्ष जाणवू लागले, म्हणून बाया पहाटेच विहीर गाठू लागल्या.’ पर्याय : मुबलकता, टंचाई, गढूळपणा, पुरवठा. ‘दुर्भिक्ष’ कधी ऐकला नसला तरी ‘म्हणून’च्या पुढचा भाग उत्तर सांगतो : टंचाई. (मुंबईला पाणी देणारी भातसा-तानसा धरणे उशाशी असूनही टँकरची वाट पाहणाऱ्या शहापूरच्या मुलाला तर हे अनुभवानेच कळेल.) ‘मुबलकता’ हा सापळा. ‘विरुद्धार्थी’ विचारले असते, तर तेच उत्तर ठरले असते. म्हणून प्रश्न शेवटपर्यंत वाचायची सवय हवी.

घरी रोज वर्तमानपत्रातला एखादा परिच्छेद मोठ्याने वाचून घ्या. शब्द अडला की लगेच अर्थ सांगू नका. आधी अंदाज करू द्या, मग शब्दकोश. घरात कातकरी, ठाकरी किंवा आगरी बोलणाऱ्या मुलाला ‘अशुद्ध बोलतोस’ म्हणून गप्प करू नका. ते वाचायलाच बिचकेल. घरचा शब्द आणि पुस्तकातला शब्द वहीत शेजारी-शेजारी लिहू द्या. आणि हो, परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नये.