वाळवंटातील नियम आणि वारकऱ्याची वाट

आषाढी एकादशीला पंढरपुरात लाखो वारकरी येतात, तेव्हा उघड्यावर शौचास बसू नये हा साधा नियमसुद्धा केवळ दंडाच्या धाकाने पाळला जात नाही. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेवर 2013 च्या कायद्याने बंदी आली असली, तरी यात्रेतील अस्वच्छतेचा भार सफाई कामगारांवरच पडत होता, म्हणून हा प्रश्न जनहित याचिकेद्वारे मुंबई उच्च न्यायालयापुढे गेला आणि चंद्रभागेच्या वाळवंटातील राहुट्यांवर निर्बंध आले.

नियम का मोडला जातो, याचा शोध वर्तनवादी अर्थशास्त्र घेते. माणूस दर वेळी नफा-तोटा मोजून वागत नाही. सवय, कंटाळा आणि इतरांचे अनुकरण यांचाही त्याच्यावर प्रभाव असतो, असे ही शाखा मानते. रिचर्ड थेलर आणि कॅस सनस्टीन यांनी 2008 मध्ये ‘नज’ ही संकल्पना ग्रंथरूपाने मांडली; सक्ती न करता, निवडीचे स्वातंत्र्य राखून योग्य पर्याय सोपा करणारी रचना, असा तिचा अर्थ. थेलर यांना 2017 मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, तर भारताच्या 2018-19 च्या आर्थिक पाहणी अहवालाने या विषयाला स्वतंत्र प्रकरण दिले.

पंढरपुरात वारकऱ्यांच्या मुक्कामासाठी विकसित केलेला ‘65 एकर’ परिसर आणि पालखीमार्गावरील फिरती शौचालये याच दृष्टीने पाहता येतात. पहाटेच्या अंधारात निघालेल्या वारकरी स्त्रीला शौचालय राहुटीजवळ, उजेडात आणि पाण्यासह मिळाले, तर नियम पाळण्यासाठी तिला वेगळा निश्चय करावा लागत नाही. मात्र दार मोडके आणि रांग लांब असेल, तर कितीही फलक लावले तरी ती दुसरी वाट धरते.

सूचना कोण देतो, यालाही तितकेच महत्त्व असते. संत ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीच्या समाजआरतीच्या वेळी चोपदारांनी चोप उंचावताच अफाट समुदाय शांत होतो आणि हरवलेल्या वस्तूंची घोषणा सर्वांना ऐकू जाते. म्हणून स्वच्छतेचे आवाहनही ध्वनिक्षेपकावरील अनोळखी आवाजापेक्षा दिंडीप्रमुखांच्या तोंडून अधिक परिणामकारक ठरू शकते.

तथापि अशी रचना ही शासनासाठी कर्तव्यातून पळवाट ठरता कामा नये, आणि लोकांना लाजवून वळण लावणे तर सर्वथा गैर आहे. पाणी, उजेड आणि यंत्राने मैला उपसण्याची सोय आधी झाली पाहिजे, आणि कोणत्या मुक्कामी कोणता उपाय लागू पडला याची नोंद ठेवून पुढील वारीचे नियोजन झाले पाहिजे. नियम मोडणाऱ्याला दंड करण्यापूर्वी तो पाळणे शक्य होते का, हा प्रश्न प्रशासनाने प्रथम स्वतःला विचारावा.