रुमालात बांधलेले दप्तर आणि संगणकाची राखीव प्रत

हवेली तालुक्यातील मुळा-मुठेकाठचे खराडी हे गाव १९९७ साली पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आले. जेथे शेते होती तेथे आज माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांच्या बहुमजली इमारती उभ्या आहेत. जमिनीच्या अशा रूपांतराची नोंद मात्र तुकड्यातुकड्यांनी होते : एक फेरफार, एक मोजणी नकाशा, एक बिनशेती आदेश, एक खरेदीखत. असे कागद आता संगणकावर साठविले जातात आणि प्रत्येक कागदाची एक लहानशी फाइल होते. अशा लाखो फाइलींची राखीव प्रत, म्हणजे बॅकअप, घेताना येणारा अनुभव प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटतो.

समजा, प्रत्येकी १० किलोबाइटच्या १० लाख फाइली आहेत. एकूण भार अवघा १० गिगाबाइट. सेकंदाला १०० मेगाबाइट वाचणाऱ्या तबकडीवरून तेवढ्याच आकाराची एक सलग फाइल १०० सेकंदांत उचलली जाते. फाइली सुट्या असल्या म्हणजे मात्र नाव शोधणे, अधिकार तपासणे, उघडणे, वाचणे व मिटणे हे सोपस्कार १० लाख वेळा करावे लागतात. दर फाइलीस एक शतांश सेकंद धरला, तरी सुमारे पावणेतीन तास होतात. केवळ बदललेल्या फाइलींची प्रत घेता येते हे खरे. पण कोणती बदलली हे पाहण्यासाठी बहुधा सर्वांचीच हजेरी घ्यावी लागते. शिक्षकांना हे निराळे सांगावयास नको.

प्रत परत उतरविण्याचे काम याहून कष्टाचे. तेथे प्रत्येक फाइलीसाठी मोकळी जागा शोधावयाची, नाव नोंदवावयाचे, दिनांक व अधिकार लिहावयाचे. दर फाइलीस तीन शतांश सेकंद लागले, तर तेच काम सव्वाआठ तासांच्या पुढे जाते. या अवधीत उताऱ्यासाठी आलेला खातेदार खिडकीशी ताटकळत राहतो. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला लागलेल्या आगीत असंख्य कागदी नस्त्या भस्मसात झाल्या. अशा प्रसंगानंतर प्रत शाबूत आहे का, या प्रश्नाइतकाच ती किती वेळात कामास येईल, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

यावरचा उपाय पुण्याला अपरिचित नाही. पेशवे दप्तरातील कोट्यवधी सुटे कागद कापडी रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. हलवावयाचा तो रुमाल, कागद नव्हे. संगणकातही हजारो लहान फाइली एका मोठ्या गठ्ठ्यात बांधून तो सलग वाहून नेता येतो. फाइलींची नावे न पाहता संपूर्ण तबकडीचीच ठशाप्रमाणे प्रत घेणे, हा दुसरा मार्ग. फिरत्या तबकडीऐवजी घन स्मृतीचे साधन वापरल्यास, अथवा अनेक फाइली एकाच वेळी हाताळल्यास, वेळ आणखी घटतो. सोपस्कार मात्र टळत नाहीत.

गठ्ठ्याला उणी बाजू आहेच. एकच फेरफार हवा असला तरी रुमाल सोडावा लागतो आणि एका रुमालाला वाळवी लागली तर आतील अनेक कागद जातात. म्हणून गठ्ठे बेताच्या आकाराचे असावेत, कोणत्या गठ्ठ्यात काय आहे याची सूची वेगळी ठेवावी आणि दुसरी प्रत दुसऱ्या इमारतीत असावी. बहुतेक कार्यालये 'बॅकअप झाला' एवढीच नोंद करतात. वर्षातून एकदा तरी कोऱ्या संगणकावर संपूर्ण प्रत उतरवून, लागलेले तास त्याच नोंदवहीत लिहिले जावेत.