सवलत गुंतवणूकदाराला, भांडवल कुणाला?

छोट्या, नव्या उद्योगात पैसे घालणाऱ्याला करसवलत द्यायची, हा मार्ग अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी धरला. मिनेसोटात तसा कायदा २०१० साली झाला. त्या योजनेत गुंतवलेल्या रकमेचा चौथा हिस्सा गुंतवणूकदाराच्या राज्य प्राप्तिकरातून वळता होत असे. देय कर त्याहून कमी असेल तर उरलेले पैसे सरकार परत करत असे. चाळीस हजार डॉलर घातले की दहा हजार सुटले. अशा योजनेची कसोटी माझ्या मते एकच: या दहा हजारांमुळे एरवी न आलेलं भांडवल उद्योगाच्या हाती पडलं का?

नियम करणाऱ्यांना ही कसोटी ठाऊक होती, हे अर्जाच्या टप्प्यांवरूनच कळतं. आधी उद्योगाने पात्रतेचा दाखला घ्यायचा: कर्मचारी पंचवीसपेक्षा कमी, निम्म्याहून अधिक मिनेसोटातले. गुंतवणूकदाराने स्वतंत्र अर्ज करायचा. मग त्या एका व्यवहारापुरती सवलत मागायची आणि मंजुरी आल्यावरच पैसे द्यायचे. आधीच उरकलेला व्यवहार मागाहून सरकारच्या माथी मारता येत नसे. कंपनीचे पदाधिकारी आणि त्यांचे घरचे यांना सवलत नव्हती. तरीही पळवाट उरतेच. मनात आधीच पक्का झालेला सौदा मंजुरीपर्यंत थांबवून ठेवला, की कागद बिनचूक होतो आणि नवं भांडवल मात्र शून्य.

ही शंका निराधार नाही. ३१ राज्यांतल्या अशा सवलतींचा अभ्यास २०२३ साली ‘जर्नल ऑफ फायनान्स’मध्ये आला. सवलतीने वैयक्तिक गुंतवणूक वाढली, पण उद्योजकतेवर म्हणण्यासारखा परिणाम दिसला नाही. काही पैसा दुसऱ्या मार्गाने आलाच असता. आणि मुरलेला गुंतवणूकदार एखाद्या कंपनीतून अनेकपट परताव्याची आशा धरतो, त्याचा निर्णय पंचवीस टक्क्यांनी फिरत नाही.

यावर उत्तर असं येतं, की गुंतवणूकदाराचे पाऊण पैसे स्वतःचे असतात, म्हणून तो पारखूनच उद्योग निवडतो. सरकारी अधिकाऱ्याला ते जमणार नाही. पारख होते हे खरं. पण चांगला उद्योग निवडला गेला, एवढ्याने तो सवलतीवाचून अडला असता हे सिद्ध होत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: महानगराबाहेर व्यावसायिक गुंतवणूकदार नसतातच, तिथल्या बचत बाळगणाऱ्या माणसाला ही सवलत धीर देऊ शकते. हे मला पटतं. मिनेसोटाने निधीचा अर्धा वाटा वर्षाचे पहिले नऊ महिने महानगराबाहेरच्या, तसंच महिला व अल्पसंख्याकांच्या उद्योगांसाठी राखला, तो योजनेतला सर्वांत शहाणा भाग. अशी सवलत तिथेच ठेवावी. बाकीचा पैसा थेट उद्योगांना अनुदान म्हणून द्यावा, कारण थेट मदतीचे चांगले परिणाम दिसल्याचे पुरावे आहेत, आणि भांडवलाची गरज शेवटी उद्योगालाच असते.