रासे बेटावरील टेकडी व बॉझवेलची रोजनिशी

स्कॉटलंडच्या पश्चिमेस, स्काय बेट व मुख्य भूमि यांच्यामध्यें रासे हें खडकाळ बेट आहे. त्यावरील सर्वांत उंच टेकडी डून कान. माथा सपाट, उंची अवघी सुमारें १,४५० फूट. आपल्या घांटमाथ्यावरील गडांपुढें ठेंगणीच. तथापि तिची एक चढण लेखनिविष्ट झाली आहे.

शुक्रवार, १० सप्टेंबर १७७३ रोजीं जेम्स बॉझवेल तिजवर गेला. पहांटे पांच-सहाच्या सुमारास माल्कम मॅक्लाउड त्याच्या बिछान्यापाशीं हजर झाला. ६२ वर्षांचा हा गृहस्थ म्हणजे १७४६ त परागंदा राजपुत्र चार्ल्स यास स्कायमधून वाट दाखविणारा. आणखी दोघे सोबतीस होते. बेट पायींच पाहतां येतें, असें बॉझवेल लिहितो. यावरून घोडा चालण्याजोगा रस्ता तेथें नसावा, वाटाड्याची माहिती हाच रस्ता, असें आम्हांस वाटतें. २४ मैल बिकट भूमि तुडवून व माथ्यावर नाच करून मंडळी सायंकाळीं न थकतां परतली! डॉ. जॉन्सन यांस ही चाल झेपण्यासारखी नव्हती. ते घरींच राहिले.

हा वृत्तांत १७८५ त छापला, तो एडमंड मलोन याच्या साह्यानें संस्कार होऊन. मूळ हस्तलिखित १९३० त आयर्लंडमधील मॅलहाइड किल्ल्यांत, क्रोके खेळाच्या पेटींत सांपडलें; तें १९३६ त प्रसिद्ध झालें. तेव्हां छापील २४ मैल मूळाशीं ताडूनच घ्यावे. बेटाची लांबी सुमारें १४ मैल असल्यानें आंकडा अशक्य नाहीं. पण तो सांखळीनें मोजलेला नव्हे, पायांनीं अजमावलेला दिसतो.