अडीच किलोंचा चाप

ग्लॉक 19 हे पिस्तूल रिकामं असताना साधारण 600 ग्रॅम भरतं. त्याचा चाप ओढायला लागतो सुमारे अडीच किलोंचा जोर. हातातल्या वस्तूच्या वजनाच्या चौपट जोर, तोही एकाच बोटाने आणि ती वस्तू तसूभरही हलू न देता. छोट्या पिस्तुलाने नेम का चुकतो, याचं निम्मं उत्तर या दोन आकड्यांत आहे. उरलेलं निम्मं चापाच्या चालीत. चाप वाटेत खरखरला, कधी अलीकडे तर कधी पलीकडे सुटू लागला, की बोट धसका खातं, मनगट आवळतं आणि नळीचं तोंड खाली झुकतं. या पिस्तुलाच्या पुढच्या आणि मागच्या माशीत जेमतेम 15 सेंटिमीटरचं अंतर आहे. तिथे 1 मिलिमीटरची चूक झाली, तर 25 मीटरवर गोळी 16 सेंटिमीटर बाजूला लागते.

ऑस्ट्रियातल्या डॉइच-वाग्राम गावचे गॅस्टन ग्लॉक पिस्तुलांच्या धंद्यात उशिरा आले. त्याआधी त्यांचा कारखाना पडद्यांच्या दांड्या आणि सैन्यासाठी सुऱ्या बनवत होता. 1982 मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्याने त्यांचं ग्लॉक 17 स्वीकारलं आणि 1988 मध्ये त्याची आखूड आवृत्ती, ग्लॉक 19, आली. जगभरच्या पोलिसांनी ती उचलली. आपल्याकडे एनएसजीच्या कमांडोंकडेही ग्लॉक असतं.

या पिस्तुलाला बाहेरून घोडा नाही, बोटाने सरकवायचा सेफ्टीचा खटकाही नाही. सुरक्षेची सगळी जबाबदारी चापावर आणि त्यामागच्या तीन-चार लहान भागांवर आहे, म्हणून हा चाप मुळातच हलका ठेवलेला नाही. आत काय घडतं ते पाहण्यासारखं आहे. वरची सरकती स्लाइड मागेपुढे झाली की स्ट्रायकर, म्हणजे गोळीच्या बुडावर ठोका देणारी पिन, अर्धवट ताणलेली राहते. चाप ओढला की त्याला जोडलेली पोलादी पट्टी मागे सरकते आणि स्ट्रायकरला उरलेला ताण देते. त्याच ओघात पट्टीचा एक उंचवटा आडव्या आलेल्या सेफ्टीच्या खुंटीला वर ढकलून पिनेची वाट मोकळी करतो. शेवटी पट्टीचं मागचं टोक कनेक्टर नावाच्या तिरक्या पत्र्यावरून घसरत खाली जातं, पकड सुटते आणि पिन पुढे झेपावते.

खरखर याच घसरण्यात असते. पट्टी प्रेसमध्ये ठोकून काढलेली असते, तिच्या कडांना सूक्ष्म खडबडीतपणा राहतो. कनेक्टरला टेकणारी कड, स्ट्रायकरला धरणारा क्रॉसच्या आकाराचा भाग, खुंटीला ढकलणारा उंचवटा, या तिन्ही जागी धातू धातूवर घासतो. त्यात जळलेल्या दारूची काजळी आणि जुनं घट्ट झालेलं तेल मिसळलं की बोटाला वाळू जाणवते.

आपला चाप नेमका किती बिघडलाय हे पुष्कळांना ठाऊकच नसतं. काटा हवा. ट्रिगर गेज चापाला अडकवून दहा वेळा ओढायचा आणि दहाही नोंदी लिहायच्या. एकदा 2.3 किलो, एकदा 2.9, असं येत असेल तर दोष वजनाचा नाही, सातत्याचा आहे. दर खेपेस 2.6 येणारा चाप त्याहून कितीतरी चांगला, कारण बोटाला तो पाठ होतो. चाप हलका करून घेण्यामागे धावणाऱ्यांना हे पटवणं कठीण जातं, पण मला तरी यात शंका वाटत नाही.

यावर पहिला इलाज स्वच्छतेचा. काजळी काढायची आणि कारखान्याच्या पुस्तिकेत सांगितलेल्या मोजक्या जागी तेलाचा एकेक थेंब द्यायचा. जास्त तेल घातलं तर तेच पुढे काजळी धरून ठेवतं. दुसरा इलाज कोऱ्या सरावाचा, ज्याला नेमबाज ड्राय फायर म्हणतात. शेकडो वेळा चाप ओढून भाग एकमेकांवर बसतात आणि सोबत बोटही सुधारतं. बोट चापाच्या मध्यावर न ठेवता खाली किंवा तिरकं ठेवणाऱ्याला निर्दोष चापही खरखरीत वाटतो. ग्लॉक उघडतानाही चाप ओढावा लागतो, त्यामुळे मॅगझिन बाहेर आणि चेंबर रिकामं, हे डोळ्यांनी आणि बोटाने तपासल्याशिवाय यातलं काहीच करायचं नसतं.

तिसरा इलाज पॉलिशचा, आणि तो फक्त कसबी आर्मररचा, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणाऱ्या कारागिराचा. तो धातू कमी करत नाही, फक्त आरशासारखा गुळगुळीत करतो. कोन आणि कडा जशाच्या तशा राहिल्या पाहिजेत. कानस हाती घेऊन कोन बदलला, की स्ट्रायकरची पकड उथळ होते आणि स्लाइड पुढे आदळताच पिस्तूल आपोआप उडण्याची शक्यता तयार होते. मऊ स्प्रिंग बसवली तर ठोका कमजोर पडून गोळी फुसकी निघते.

जड चाप म्हणजे सुरक्षित चाप, हा समजही तपासून घ्यावा असा आहे. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी 1993 मध्ये रिव्हॉल्व्हर सोडून 9 मिलिमीटर पिस्तुलं घेतली, तेव्हा चुकून गोळी सुटू नये म्हणून चाप सुमारे साडेपाच किलोंचा करून घेतला. रिकाम्या पिस्तुलाच्या नऊपट! 24 ऑगस्ट 2012 रोजी एम्पायर स्टेट बिल्डिंगसमोर एका मारेकऱ्यावर दोन पोलिसांनी 16 गोळ्या झाडल्या. त्या गोळ्यांनी आणि त्यांच्या तुकड्यांनी 9 वाटसरू जखमी झाले. दोष एकट्या चापाचा नव्हता, पण इतक्या जड चापाने नेम कसा राहणार, हा प्रश्न तेव्हा जोरात विचारला गेला.

खेळातलं पिस्तूल याच्या अगदी उलट टोकाला उभं आहे. 25 मीटर पिस्तूल प्रकारात शस्त्राचं वजन 1400 ग्रॅमपर्यंत चालतं आणि चाप किमान 1000 ग्रॅमचा लागतो. पिस्तूल उभं धरून चापाला वजन अडकवतात. ते उचललं गेलं नाही तर पिस्तूल बाद. इथे शस्त्र चापापेक्षा जड असू शकतं. जलद फेरीत हात खाली ठेवून थांबायचं, लक्ष्य 3 सेकंद दिसतं, तेवढ्यात हात उचलून एक गोळी मारायची. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी 2018 च्या आशियाई स्पर्धेत याच प्रकारात, बरोबरीनंतर दोन शूट-ऑफ खेळून सुवर्ण मिळवलं. नेमबाजीत आशियाई सुवर्ण जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. अशा वेळी चाप दर गोळीला तोच आणि तसाच सुटला पाहिजे.

आपल्याकडच्या सामान्य परवानाधारकाला 9 मिलिमीटरचं पिस्तूल मिळत नाही. त्याच्याकडे बहुधा .32 बोअरचं असतं, आणि खरखरीची तक्रार तिथेही हीच असते. अशा परवानाधारकांना एवढंच सांगायचं आहे: पिस्तूल साफ करा, तेल द्या, कोरा सराव करा, नोंदी ठेवा. तरीही चाप सुधारला नाही तर घरी कानस चालवू नका. 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदुका दुरुस्त करण्याच्या धंद्यालाही परवाना लागतो. तसा परवाना असलेला कारागीर शोधा आणि लिहिलेल्या नोंदी त्याच्यापुढे ठेवा.