तोरणातले बी

शिवजयंतीच्या आदल्या संध्याकाळी छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकात पाय ठेवायला जागा नसते. फेब्रुवारी २०२२ मध्ये शिवछत्रपतींचा नवा उंच पुतळा इथे उभा राहिला, तेव्हापासून तर गर्दी आणखीच वाढली. पलीकडे काळा चबुतरा आहे. १८५७ च्या उठावातल्या शिपायांना देहदंड दिला ती ही जागा, आणि चौकाला नाव मिळाले तेही त्यांच्यामुळेच. त्या दिवसांत या भागात एकच वास भरलेला असतो, झेंडूचा. उग्र, कडसर, हाताला चिकटून राहणारा. हार किलोकिलोने चढतात आणि दुसऱ्या दिवशी उतरतात.

याच चौकातून जाणाऱ्या रस्त्याला आपण जालना रोड म्हणतो. या रस्त्याने साठेक किलोमीटर गेले की ज्या गावाने देशाला बियाणे पुरवले ते जालना येते. हार आणि बी यांच्यामध्ये एवढेच अंतर, पण हार घेणाऱ्याच्या मनात बियाचा विचार सहसा येत नाही. त्यात त्याची चूक नाही. बाजारात फूल येते ते बहुधा बी पक्व होण्याआधीच खुडलेले. झेंडूचे बी करणारा माणूस मात्र नेमके उलटे करतो. ज्या फुलाला आज चांगला भाव आहे तेच तो झाडावर वाळू देतो.

असे वाळलेले एक फूल तळहातावर घ्या. पाकळ्यांचा रंग विटलेला असतो, त्या कागदासारख्या वाजतात. बुडाशी हिरव्या पेल्यासारखा भाग असतो, तो आता तपकिरी झालेला. पेला नखाने उभा चिरला की आत काळ्या काड्यांची जुडी दाटीने बसलेली दिसते. प्रत्येक काडीच्या टोकाला गवती रंगाचा झुपका असतो. ती काडी म्हणजे बी. एका ग्रॅममध्ये तीनशेच्या आसपास भरतात. काळे, ताठ, दोन बोटांत धरल्यावर टणक लागते ते भरलेले. फिकट आणि लवचीक असते ते पोचट.

एका फुलात एवढे बी कसे, असे मुले विचारतात. ज्याला आपण एक फूल म्हणतो ती खरे तर फुलांची वस्ती असते. कडेची प्रत्येक 'पाकळी' हे स्वतंत्र मादी फूल, मधल्या बारीक नळ्या ही नर-मादी दोन्ही अंगे असलेली फुले. उमलणे कडेपासून आत सरकत जाते, दिवसामागून दिवस. त्यामुळे एकाच फुलावर माशीला कितीतरी वेळा यावे लागते. आपल्याकडे ही कामगिरी फुलोरी, सातेरी आणि आग्या माश्या करतात, शिवाय पोयाच्या चिमुकल्या माश्या, फुलपाखरे आणि नावही न कळलेले कितीतरी किडे. झेंडूला दुसऱ्या झाडाचा पराग मानवतो. तो आणून देणारे कोणी नसेल, तर फूल कितीही देखणे असो, पेल्यात पोचट काड्याच जास्त निघतात. कळ्या लागल्यावर सकाळी कीटकनाशक फवारणारा बीजोत्पादक स्वतःच्याच मजुरांना हाकलतो, असे मला वाटते.

पण हेच मजूर भेसळही करतात. माशीला बांध कळत नाही. पिवळ्या झेंडूच्या शेजारी नारिंगी असेल, तर ती सकाळभरात दोन्हीकडे फिरते. त्या वर्षी काहीच दिसत नाही, फुले जशीच्या तशी येतात. दगा कळतो तो पुढच्या वर्षी, पेरल्यावर. म्हणून बीजोत्पादनात विलगीकरण अंतराला सगळ्यात जास्त मान असतो. एक वाण दुसऱ्यापासून शेकडो मीटर दूर ठेवायचे, ते जमत नसेल तर दोघांच्या फुलण्याच्या वेळा वेगळ्या करायच्या, नाहीतर जाळीत घ्यायचे. त्यावर भेसळ काढणे असतेच. पहिली फुले दिसू लागली की ओळींतून फिरायचे आणि रंग, उंची, पानाची ठेवण यात वेगळे दिसेल ते झाड मुळासकट उपटायचे. ते झाड उभे राहू दिले तर माश्या त्याचा पराग शेतभर वाटणार. भरात आलेले झाड उपटताना हात कचरतो, आणि त्या कचरण्यातच वाण बिघडते.

आपला कोरडा मुलूख इथे कामाला येतो. पावसाळा सरता सरता रोप लावले की फुले थंडीत येतात आणि बी पक्व होते तेव्हा आभाळ निरभ्र, हवा सुकी असते. वाळत्या फुलात पाणी शिरले तर पेल्यात बुरशी धरते, कधी बी तिथेच उगवूही लागते. दुष्काळी म्हणून हिणवलेल्या मराठवाड्याला बियाण्याचा व्यवसाय मानवला, त्याचे एक मोठे कारण हे कोरडेपण आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात १९६४ मध्ये महिको सुरू केली आणि आजूबाजूच्या शेतकऱ्यांना बीजोत्पादन शिकवले. १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. ते काम भेंडी, ज्वारी, कापसाचे. फुलझाडांच्या बियांचा धंदा महाराष्ट्रात त्याहून जुना, पुण्याच्या पोचांचे दुकान १८८४ चे. पण शेतात जाऊन पाहिले तर कौशल्य एकच. आज जालना आणि देऊळगाव राजा भागात शेडनेटच्या सीड प्लॉटवर बाया कळ्यांतून चिमट्याने पुंकेसर काढतात, पराग लावतात, झालेल्या फुलाला खूण बांधतात. माशीचे काम माणसाच्या बोटांनी करायचे म्हणजे किती चिकाटी लागते ते तिथे दिसते.

झेंडूच्या संकरित बियाण्याची गोष्ट मला सर्वांत विलक्षण वाटते. बाजारातला तो गच्च, चेंडूएवढा नारिंगी झेंडू ज्या मादी झाडापासून येतो, त्या झाडाच्या फुलाला पाकळ्याच नसतात. पाकळ्या आणि पुंकेसर यांच्या जागी नुसते धागे, फूल म्हणजे जणू फिकट कुंचला. त्यात पराग नसल्याने झाड स्वतःचे बी स्वतः धरू शकत नाही, आणि संकरासाठी तेच हवे असते. पण ही मादी ओळ राखायची तर तिच्या संततीत निम्मी झाडे अशी वांझ-परागाची आणि निम्मी साधी निघतात. साधी कोणती हे पहिली कळी उघडल्याशिवाय समजत नाही. समजले की संकराच्या शेतातले प्रत्येक साधे झाड उपटावे लागते. पाकळ्या नाहीत, पराग नाही, अशा फुलावर माशी तरी कशाला येईल? त्यामुळे पराग बहुतेक ठिकाणी हातानेच लावावा लागतो. संकरित झेंडूचे बी मोजून का विकतात, ते यावरून कळावे.

दसऱ्याचे तोरण सुकल्यावर त्यातली फुले कुंडीत चुरडायची रीत घरोघरी आहे. रोपे उगवतातही. पण पुढच्या वर्षी काही झाडे उंच, काही खुजी, काही फुले एकेरी, मोजक्या पाकळ्यांची. लोक मातीला दोष देतात. मातीचा काही दोष नसतो. संकरिताच्या पोटी आजोबा-पणजोबांचे सगळे गुण पुन्हा वेगळे होऊन निघतात. आणि नारिंगी व पिवळ्या जाफरी जातीचा मोठ्या झेंडूशी केलेला संकर तर बी धरतच नाही. मोठ्याकडे गुणसूत्रे २४, जाफरीकडे ४८, संततीत ३६. बी धरायचे नसल्याने ते झाड फुलतच राहते.

गुणांचे हे वेगळे होणे धीराने वापरले तर काय घडते, याचा दाखला अमेरिकेत आहे. डेव्हिड बर्पी या बियाणे व्यावसायिकाने १९५४ मध्ये पांढऱ्याशुभ्र झेंडूसाठी दहा हजार डॉलरचे बक्षीस लावले. ते १९७५ मध्ये आयोवातल्या सली गावच्या ॲलिस व्होंक या बागप्रेमी बाईंना मिळाले. दर हंगामात सगळ्यात फिकट फुलाचे बी राखायचे आणि पुढच्या वर्षी तेच पेरायचे, एवढीच त्यांची रीत. प्रयोगशाळा नव्हती. परसबाग होती आणि वर्षानुवर्षांची नजर होती.

बी मिळाले म्हणजे काम संपले असे नाही. बी जिवंत असते, मंद श्वास घेत असते, आणि ओल व ऊब मिळाली की तो श्वास वाढून आयुष्य सरते. हॅरिंग्टन या शास्त्रज्ञाचा ठोकताळा सगळे बीजवाले वापरतात. बियातली ओल एका टक्क्याने कमी झाली की आयुष्य साधारण दुप्पट, साठवणीचे तापमान पाच अंशांनी उतरले की पुन्हा दुप्पट. राष्ट्रीय जनुक बँकेत उणे १८ अंशांवर बी ठेवतात ते याच हिशेबाने. घरी एवढे लागत नाही. फुले सावलीत कडक वाळवा, चोळून पाखडा, कागदाच्या पुडीत बांधा. ती पुडी घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा आणि तळाशी कोरडी राख किंवा ओल शोषणारे सिलिका दाणे टाका. आमच्या घरी एकदा ओलसर बी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून राहिले. चार महिन्यांनी पिशवी उघडली तर आंबूस वास आणि एकही बी उगवले नाही. पुढे मी सोयाबीनवाल्यांची पद्धत उचलली. शंभर दाणे मोजायचे, ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, आठवड्याने कोंब मोजायचे. मग पेरायचे.

राखता येतील अशा फुलांच्या वाणांवर संस्थांनीही काम केलेले आहे. दिल्लीच्या पुसा संस्थेचे पुसा नारिंगी गेंदा आणि पुसा बसंती गेंदा हे वाण संकरित नाहीत, त्यांचे बी राखता येते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने 'फुले गणेश' मालिकेतले ॲस्टर दिले. ॲस्टर बहुतांशी स्वतःच्याच परागावर बी धरतो, त्यामुळे तो राखणे सोपे. फुलशेतीचे केंद्रीय संशोधन संचालनालय पुण्यात आहे. २००१ च्या पीक वाण कायद्याने शेतकऱ्याला आपले बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा हक्क दिला आहे. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांनी भाज्या आणि धान्यांची गावठी वाणे जपून दाखवली, त्यांना पद्मश्री मिळाली. फुलांच्या बाबतीत अशी आस्था मला कमी दिसते. आजीच्या अंगणातल्या गावठी झेंडूला वाण म्हणून नावसुद्धा नाही. तो लहान असतो, हारात भरत नाही, म्हणून बाजारात उतरत नाही. पण त्याच्या वासाला तोड नाही, आणि पाऊस लांबला तरी तो तग धरतो. असे बी एकदा गेले की कोणत्याही पाकिटात परत मिळत नाही.

येत्या दसऱ्याला अंगणात असा झेंडू असेल तर सगळी फुले तोरणाला खुडू नका. सगळ्यात निरोगी पाच-दहा झाडे निवडा, त्यांना दोरा बांधा आणि त्यांची पहिली, मोठी फुले झाडावरच राहू द्या. शेजारी बाजारचा संकरित झेंडू लावला असेल तर तो फुलण्याआधी काढा. पेला तपकिरी झाला, दाबल्यावर कुरकुरला की सकाळचे दव उडाल्यावर फूल खुडा, आणि पुडीवर वर्ष लिहा.